दिवसा जायचं नसतं

ओटीपोटात दुखतंय, असं मी पहिल्यांदा सासूला सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाली, "बाईच्या जातीला दुखायचंच. आमी काय बोंबललो का कधी?" आणि पाखडत राहिली. मी तिथंच उभी राहिले, कारण बसलं की जास्त दुखायचं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. सोनईजवळच्या एका वस्तीवर सासर, आणि तिथून दोन मैलांवरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तरीण. तीन मास्तर आणि एक मी. नवऱ्याची पंधरा एकर जमीन होती, पण साल एकाहत्तर. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता, त्यामुळे पंधरा एकर काय आणि पन्नास एकर काय, सगळं सारखंच उघडं पडलेलं. माझा पगार घरात यायचा म्हणून मला शाळेत जाऊ देत होते. एरवी कोण जाऊ देतो?

दुखणं कसं होतं ते लिहायला मला पन्नास वर्षं लागली. आत कुणीतरी मूठ वळलेली आहे आणि ती उघडत नाही, असं. ओटीपोटापासून माकडहाडापर्यंत, कधी मांडीत उतरायचं. खुर्चीवर बसवत नसे म्हणून मी दिवसभर उभ्यानं शिकवायची. पोरं म्हणायची, आमच्या बाई लई कडक, बसतच न्हाईत. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. पहिल्या वर्षी रडले, दुसऱ्या वर्षी दात आवळून पडून राहिले, तिसऱ्या वर्षी काही ना काही कारण काढायला लागले. तेव्हा मी त्याला अहो म्हणायची. आता लिहिताना तो म्हणते, कुणाला राग आला तर येवो.

उपाय सगळे झाले. ओवा, हिंग, विटेचा शेक. पोट चोळणारी म्हातारी आली, तिनं असं चोळलं की दोन दिवस उठता येईना. गंडा बांधला, अंगारा लावला, कुणाची तरी नजर काढली. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं लुगड्यावरूनच पोट दाबलं, दोन मिनिटं. मला काही विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाला, "पिशवीला सूज आहे. काढून टाकू, कटकट मिटेल."

मीच मध्ये बोलले, "मग मूल?"

"तीन वर्षांत झालं नाही ते आता काय होणार, बाई?"

आणि शेजारी बसलेली सासू होकाराची मान डोलावत होती! सासूला नातू पाहिजे होता, पण तिचा हिशेब वेगळा होता, तो मला नंतर कळला. बिनपिशवीची सून म्हणजे दुसरी आणायला मोकळीक. कुणी नाव ठेवणार नाही.

मला मूल हवं होतं. इतकं हवं होतं की पहिलीच्या वर्गातलं एखादं शेंबडं पोर मांडीला चिकटून उभं राहिलं तर मी त्याला हाकलत नसे, दुखत असलं तरी. पिशवी गेली की ते गेलं, आणि मग त्या घरात माझं काय राहणार होतं? म्हणून मी आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलले. म्हटलं, ऑपरेशनच्या रजेसाठी नगरच्या मोठ्या दवाखान्याचं पत्र लागतं, नाहीतर पगार कापतात. पगाराचं नाव काढल्याबरोबर सगळे तयार झाले.

नगरला एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चाळिशीच्या, मुंबईकडच्या, सुती पातळ, केसांचा घट्ट बुचडा. त्यांनी सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्ही सांगा. कुठं दुखतं?" मला इतकी सवय नव्हती कुणी विचारायची, की मी आधी रडलेच. त्यांनी नीट तपासलं, हातानं, आतून. एका जागी बोट लागलं तशी मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "पिशवीला काही झालेलं नाही. हे दुसरंच आहे. पण मला खात्री करायचीय."

त्यांच्याकडे एक यंत्र होतं. पोलिओ झालेल्या लेकरांसाठी आणलेलं. पायाचा स्नायू मेलाय की जिवंत आहे, ते कळायचं त्यातून. स्नायू काम करताना त्यात बारीकशी वीज होते म्हणे, ती ते यंत्र पकडायचं, हिरव्या पडद्यावर रेघ नाचायची आणि स्पीकरमधून आवाज यायचा. बायकांच्या या दुखण्याला ते यंत्र इथं कुणी लावलेलं त्यांनीही ऐकलं नव्हतं. तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "मीसुद्धा पहिल्यांदाच करतेय. चालेल का?" मी म्हटलं, "बाई, माझं काय उरलंय?"

पत्र्याच्या पेटीएवढं ते धूड. बारीक वायरी, आणि टोकाला चार आण्याच्या नाण्याएवढ्या चकत्या. त्यांना गार मलम लावून त्या चकत्या चिकटवल्या. कुठं, ते सांगत नाही, ज्या बायकांना कळायचं त्यांना कळेल. सासूनं आत बसायचा हट्ट धरला होता, ती पडद्याच्या आत स्टुलावर. नवरा पडद्याच्या बाहेर बाकावर.

डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, "घाबरू नका, यातून तुम्हाला काही होत नाही. हे फक्त ऐकतं. निवांत पडलेला स्नायू गप्प असतो. काम करणारा बोलतो." मग बटण दाबलं.

तडतड, तडतड, तडतड. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज. खोलीभर.

"आता सैल सोडा," बाई म्हणाल्या.

"सोडलंय की."

"अजून सोडा. झोपताना सोडता तसं."

"अहो बाई, सोडलंय!" मी जवळजवळ ओरडलेच. आणि आवाज काही थांबेना. मी काहीही करत नव्हते, नुसती पडले होते, छताकडे बघत, आणि माझ्या आत ते राबतच होतं. मग त्या म्हणाल्या, आता मुद्दाम आवळा. मी आवळलं. आवाज जरासाच वाढला. आवळायला आत आणखी काही शिल्लकच नव्हतं.

त्यांनी यंत्राचा आवाज कमी केला आणि विचारलं, "दिवसातून लघवीला किती वेळा जाता?"

"दोनदा."

"दोनदाच? कधी कधी?"

"पहाटे, उजाडायच्या आत. आणि दिवस बुडाल्यावर."

"आणि मध्ये?"

मला प्रश्नच कळेना. "मध्ये? मध्ये जायचं नसतं. दिवसा जायचं नसतं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. सासूला वाटलं आपल्या घराण्याची अब्रू निघतेय, ती स्टुलावरून अभिमानानं म्हणाली, "आमच्या घरातली बाई दिवसा तांब्या घिऊन कुनाला दिसली न्हाई अजून. माज्या तर कळा सुरू हुत्या, तरी दिवस बुडंस्तवर बाहेर पडले न्हाई मी!"

खरंच होतं ते. आमच्याकडे ती शिस्तच होती. पहाटे बायकांचा घोळका जायचा, तेवढंच. शाळेत मास्तर लोक भिंतीमागे उभे राहायचे, मी कुठं जाणार? पूर्वी निदान ज्वारी उभी असायची, अगदी नड आली तर बाई ज्वारीत शिरायची. दुष्काळात तेही गेलं. क्षितिजापर्यंत उघडी ढेकळं, बसायला आडोसा म्हणून नाही. मग मी पाणी पिणंच सोडलं होतं. सकाळी घोटभर चहा, की मग शाळा सुटेपर्यंत काही नाही. आणि तरी धरून ठेवायचं, धरून ठेवायचं, वर्गाला पाढे म्हणून दाखवत धरून ठेवायचं. लहानपणापासून. हे दुखणं आणि ते धरणं यांचा काही संबंध असेल, असं माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मग दोघांनाही समोर बसवून समजावलं. पिशवी चांगली आहे, काढायची नाही, मूल होऊ शकतं. खालचा स्नायू वर्षानुवर्षं आवळून आवळून तसाच बसलाय, तो यांना नकळत आवळलेला राहतो, आता तो यांचं ऐकत नाही. घरामागं चार पत्रे लावून संडास करा, यांना दिवसा जाऊ द्या, पाणी पिऊ द्या. आणि दर शनिवारी इकडे पाठवा, यंत्राचा आवाज ऐकत ऐकत सैल सोडायला मी शिकवीन.

मी नवऱ्याकडे बघत होते. वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. चार लोकांत माझ्या दुखण्यानं साक्ष दिली होती, आवाज करून. त्यानं तो ऐकलाही होता. तो जमिनीकडे बघत होता.

तीन शनिवार मी गेले. सकाळची शाळा करून एस.टी.नं नगर. तिसऱ्या शनिवारी, कसं काय झालं कुणास ठाऊक, मी लांब श्वास सोडला आणि तडतड थांबली. एकदम गप्प! दोन-तीन सेकंदच, मग परत सुरू. पण तेवढ्यात ओटीपोटातली मूठ उघडली होती. आई गं, काय वाटलं ते! दुखत नसलं की कसं असतं, ते मी विसरूनच गेले होते. मी आणि डॉक्टरीणबाई दोघीही हसायला लागलो, वेड्यासारख्या.

चौथ्या शनिवारी मी निघाले तर नवरा दारात उभा. "कुटं?"

"नगरला."

"काय करायचंय जाऊन? त्या डॉक्टरनीनं सांगितलं ना काय ते. तू आवळून धरतीस."

मला वाटलं त्याला नीट समजलं नाही. मी समजावायला लागले, की नकळत होतं, माझ्या हातात नाही. तो म्हणाला, "तुजंच मास न्हाई का ते? मग तुज्या हातात न्हाई तर काय शेजाऱ्याच्या हातात हाय? सोड म्हनली तरी सोडलं न्हाईस तू. मी भाईर बसून ऐकत हुतो. तीन वर्सं मला फशिवलं."

आणि तोवर सासूनं वस्तीभर केलंही होतं. "यंत्रानं पकडली ओ आमच्या सुनंला! पोटात दुखतंय म्हनून सोंग करत हुती. मूल हूवू नये म्हनून आवळून धरती, यंत्रात दिसलं सगळं." बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. त्याच बायका, ज्या पहाटे माझ्या शेजारी बसून कण्हायच्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. इतके दिवस दुखतं म्हटलं तर कुणाला खरं वाटत नव्हतं. यंत्रानं खरं ठरवलं, तर त्याच खऱ्याचा त्यांनी गुन्हा केला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे दुसरं काय असतं?

संडासाची गोष्ट मी एकदाच काढली. सासू म्हणाली, "दारात घान करतीस? देव हाय घरात." संपलं.

उन्हाळ्यात सोडचिठ्ठी झाली. चार माणसं बसली, माझ्याकडून कुणी नव्हतं, वडील कधीच गेलेले आणि भावाला आपल्या बायकोची भीती. कारण काय सांगितलं? बाई नांदत नाही. आषाढात त्यानं दुसरी आणली, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या गरीब घरातली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मूल मला झालं नाही, पुढंही झालं नाही. परत कुणी लग्न करणार होतं मास्तरणीशी, जिला यंत्रानं पकडलं होतं? डॉक्टरीणबाईंचीही बदली झाली. पण पिशवी माझी माझ्याजवळ राहिली, कशाला राहिली देव जाणे.

मी शाळेच्या गावातच एक खोली घेतली. पहिलं काम काय केलं असेल, तर मालकिणीच्या हातापाया पडून खोलीमागं खड्डा खणून घेतला आणि चार पत्र्यांचा संडास उभा केला. गावात हसले. बाईंचा महाल म्हणायचे त्याला. म्हणेनात का. मी भर दुपारी जायची, तांब्याभर पाणी पिऊन जायची. गावातल्या कुणी वापरू नये म्हणून त्याला मी कुलूप लावलं होतं. यंत्र नसलं तरी श्वास सोडायला मला आलं होतं. दीड-दोन वर्षांत दुखणं निम्म्यावर आलं. मग मी खुर्चीवर बसून शिकवायला लागले.

एका दुपारी ती आली. त्याची दुसरी बायको. मधली सुट्टी होती, मी खोलीवर जेवायला आले होते. कडेवर वर्षभराचा मुलगा, दोन मैल चालत आलेली, घामानं डबडबलेली. मी तिला लांबून एकदा बाजारात पाहिलं होतं, बोलले कधी नव्हते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आक्का, मी... तुमाला ठावं असंल मी कोन ती."

"माहीत आहे. काय काम आहे?"

"माज्या पोटात लई दुखतंय. हितं खाली. बसवत न्हाई. सोमवारी मला तालुक्याला नेनार हायेत, पिशवी काढायला. आत्याबाई म्हनत्यात, पोरगा झाला एक, आता कशाला पाहिजे पिशवी." ती बोलता बोलता पाय बदलत होती, या पायावरून त्या पायावर. मला ते पाय बदलणं पाठ होतं. "तुमाला म्हनं नगरला यंत्र लावलं हुतं. घरात कुनी मला सांगत न्हाई. त्यात काय निघालं हुतं, आक्का?"

चार वाक्यांची गोष्ट होती. पिशवीला काही नाही. धरून ठेवल्यानं होतं. दिवसा जात जा, पाणी पी. पिशवी देऊ नकोस. पहिलीच्या पोराला कळेल इतकं सोपं, आणि माझा तर धंदाच समजावून सांगायचा.

माझं लक्ष तिच्या कडेवरच्या पोराकडे होतं. नाक अगदी त्याच्या बापासारखं. ते माझ्याकडे बघून हसलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, "तुझ्या सासूला विचार की. यंत्रात काय निघालं ते तिनं सगळ्या गावाला सांगितलंय. तुला नाही सांगितलं?"

  मग तिची नजर माझ्या मागं, मागच्या दारातून दिसणाऱ्या पत्र्यांकडे गेली. हळूच म्हणाली, "आक्का, मी तेवढी जाऊन येऊ का? सकाळधरनं गेली न्हाई."

"त्याला कुलूप आहे," मी म्हटलं.

किल्ली माझ्या कमरेला होती. तिलाही ती दिसत होती.  तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघाली, उन्हात, दोन मैल. मी आत येऊन जेवायला बसले आणि जेवलेही, हे मुद्दाम लिहिते.

सोमवार येईपर्यंत मधे तीन दिवस होते. एकदा तर मी चपला घालून निघालेही, मग वाटलं, मी का जाऊ? माझ्यासाठी कोण आलं होतं? सोमवारी तिला नेलं. एकवीस वर्षांचीही नसेल.

तिची पिशवी काढली, दुखणं मात्र गेलं नाही. जाणार कसं? ते पिशवीत नव्हतंच, हे त्या अख्ख्या तालुक्यात एका बाईला माहीत होतं.